अनुभव धागा : ऑनलाइन स्वयंसेवी कामाला एकमेकांनी पावती कशी द्यावी?

विकिपीडिया, कॉमन्स (विकिपीडियाचं चित्रभांडार), ओपनस्ट्रीटमॅप (सगळ्यांनी मिळून काढलेला नकाशा), आयनॅचरलिस्ट (जीवजंतूंच्या नोंदींचं संकेतस्थळ) यांवर कोकणाबद्दल बिनपगारी काम करणारी बरीच मंडळी इथे आहेत. अशा ठिकाणी मानधन नसतं, वरिष्ठ नसतो. चांगल्या कामाला दाद द्यायची ती बरोबरच्यांनीच. ती नेमकी कशी देता, कुठे बिघडतं, ते लिहा. स्वतःची वाटचाल नको, पद्धत सांगा.

कातळसडा

विकिपीडियावर २००३ पासून बार्नस्टार आहेत, म्हणजे कौतुकाचं ताऱ्याचं चित्र आणि खाली दोन ओळी. त्यासाठी समिती नाही, परवानगी नाही. कोणीही सदस्य दुसऱ्याच्या चर्चापानावर लावू शकतो. त्यामुळे त्याचं सगळं मोल खालच्या दोन ओळींत असतं. 'छान काम, असेच लिहीत राहा' हे कुणालाही चालतं, म्हणून कुणालाच लागू पडत नाही.

माझी पद्धत अशी. आधी लेखाचा इतिहास उघडून त्या सदस्याच्या संपादनाआधीची आणि नंतरची आवृत्ती शेजारी-शेजारी बघायची. जोडलेले संदर्भ उघडायचे. दोन-तीन वाक्यं अवतरणचिन्हांत टाकून शोधायची, कारण किल्ले, देवळं आणि समुद्रकिनारे यांवरचा मजकूर पर्यटनाच्या पत्रकांतून जसाच्या तसा उचललेला फार सापडतो. आज गौरव केला आणि आठवड्याने तोच मजकूर प्रताधिकारभंग म्हणून उडवला, तर नवा माणूस कायमचा दुरावतो.

मग मजकूर लिहायचा. नमुना देते:

'कोकणातील कातळशिल्पे या लेखात तुम्ही बारसू आणि उक्षी इथल्या आकृत्यांची वर्णनं वेगळी केलीत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झालेल्या समावेशाला संदर्भ दिलात आणि कालखंडाबद्दलचं ठाम विधान काढून ते अभ्यासकांचं मत म्हणून मांडलंत. त्या तिसऱ्या बदलासाठी खास हा बार्नस्टार.'

सोबत त्या फरकाचा दुवा आणि शेवटी चार टिल्डे (~~~~), म्हणजे सही आणि तारीख आपोआप उमटते. बार्नस्टारचा साचा (तयार नमुना) नुसता जोडू नका, त्याचा मजकूर पानावर उतरवा; नाहीतर पुढे कुणी मूळ साचा बदलला की जुन्या सगळ्या पानांवरचा गौरवही बदलतो.

हर्णै बंदर

कातळसडा ताईंनी बार्नस्टारबद्दल लिहिलंच आहे. लहान दुरुस्तीसाठी लेखाच्या इतिहासात त्या संपादनापुढे असलेला आभाराचा दुवा पुरतो. शुद्धलेखन, तुटलेला संदर्भ, चुकलेला तालुका, अशा कामाला तोच द्यावा. खात्यात न शिरता केलेल्या संपादनाला पूर्वी तो दुवा दिसत नसे, तिथे चर्चापानावर लिहावं लागे. एकदा मानलेले आभार परत घेता येत नाहीत. कुणी कुणाचे आभार मानले याची नोंद सगळ्यांना दिसते, पण कोणत्या संपादनासाठी ते दिसत नाही. म्हणून सरसकट दाबत सुटलात तर तुमच्या नावापुढची लांबलचक यादी लोकांना दिसते आणि पुढच्या आभाराला वजन राहत नाही.

तरीवरचा

ओपनस्ट्रीटमॅपवर २०१६ मध्ये पुरस्कार सुरू झाले, त्यांची नामांकनं आणि मतदान समाजाकडूनच झालं. पण आपल्या खाडीकाठच्या कामाला तिथवर कोण नेणार! इथे खरी पावती म्हणजे बदलसंचावरची (एका वेळी जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्यावरची) टिप्पणी. ती संबंधिताला ईमेलने जाते आणि जाहीर राहते.

काय लिहायचं? दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडला फेरीबोटीचं उदाहरण घ्या. फेरीची रेघ पाण्यावर काढणं सोपं. तिची दोन्ही टोकं जेटीवरच्या रस्त्याच्या बिंदूला जोडलेली नसतील तर मार्ग शोधणारं ॲप बोट सोडून माणसाला अख्ख्या खाडीला वळसा घालायला लावतं. ज्याने ती टोकं जोडली त्याला 'फेरीची दोन्ही टोकं रस्त्याला जोडलीत, गाडी चढते की नाही तेही नोंदवलंत, आता मार्ग बरोबर निघतो' असं लिहा. मार्ग स्वतः काढून बघून मगच लिहा. रस्त्यांच्या किलोमीटरवर शाबासकी देऊ नका; उपग्रहचित्रावरून ओढलेल्या रेघा वाढतात आणि पाणंद कुठली, पावसात बंद होणारी वाट कुठली, हे कुणी भरत नाही.

मोरी आणि सौंदाळा

आयनॅचरलिस्टवरची एक सवय मोडायलाच हवी. आपल्या नोंदीवर जाणकाराने नाव सुचवलं की लोक आभार म्हणून 'सहमत' दाबतात. सहमती म्हणजे आभार नव्हे, ते तुमचं स्वतंत्र मत आहे. प्रजातीच्या पातळीवर दोन-तृतीयांशाहून जास्त मतं जुळली की नोंद संशोधन-दर्जाची, म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी, होते. जाणकार एक आणि तुमची भिडेखातर सहमती, एवढ्यावर चुकीचं नाव पक्कं होऊन बसतं. आभार टिप्पणीतच माना, आणि कोणत्या खुणेवरून ओळखलं ते विचारा. उत्तर आलं की तीच टिप्पणी पुढच्याला उपयोगी पडते.

नोंद करणाऱ्याचं कौतुकही खुणेवरून करा. माशाचा पूर्ण बाजूचा फोटो, पाठीवरचा पर उघडून धरलेला, तोंड जवळून. मासळीबाजारातल्या नोंदीत मासा कुठे पकडला ते विचारून ठिकाण समुद्रात आणि अचूकतेचं वर्तुळ मोठं ठेवलेलं असेल, तर ते आवर्जून लिहा. बहुतेक जण बाजाराचाच ठिपका टाकतात.

वेंगुर्ल्याहून

कॉमन्सवर 'दर्जेदार चित्र' हा मान आहे. दुसऱ्या सदस्याचं छायाचित्रही नामांकित करता येतं, दिवसाला पाचपर्यंत. किमान २ मेगापिक्सेल, अर्थपूर्ण फाइलनाव, वर्णन, वर्ग, आणि कोपऱ्यात नाव छापलेलं नको. किनारपट्टीची चित्रं सर्वांत जास्त अडकतात ती तिरक्या क्षितिजावर. समुद्राची रेघ थोडी जरी कलली तरी लगेच दिसते; नामांकनाआधी ती सरळ करून नवी आवृत्ती चढवायला छायाचित्रकाराला सांगा. तोच खरा सन्मान. दुसरं, आकाश पांढरंफटक जळालेलं असेल तर नामांकन करूच नका.

स्मारकांच्या छायाचित्रांची स्पर्धा (विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स) साधारणपणे सप्टेंबरात असते, आणि त्याआधीचे पावसाळ्याचे महिने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. पण चित्र कधीही काढलेलं चालतं, फक्त चढवायचं स्पर्धेच्या महिन्यात. तेव्हा हिवाळ्यात काढून ठेवा.

कातळसडा

बक्षिसाचा परिणाम विचारणाऱ्यांसाठी: २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इंग्रजी विकिपीडियाच्या सर्वाधिक काम करणाऱ्या १ टक्का सदस्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यागत बार्नस्टार दिले, न मिळालेल्यांपेक्षा त्यांचं काम ६० टक्क्यांनी जास्त झालं. याना गाल्लुस यांच्या २०१७ च्या अभ्यासात जर्मन विकिपीडियाच्या नवख्यांना असाच प्रतीकात्मक मान मिळाल्यावर पुढच्या महिन्यात टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांनी वाढलं. नवख्यांची दखल लवकर घ्या, असं मी यावरून म्हणेन. लेखांच्या संख्येवर रोख बक्षीस मात्र ठेवू नका. यंत्रभाषांतराचे दोन-दोन ओळींचे गावलेख येऊन पडतात आणि ते निस्तरायला दोनच माणसं उरतात. ठेवायचंच असेल तर किमान शब्दमर्यादा, प्रत्येक परिच्छेदाला संदर्भ आणि दोन परीक्षक आधी जाहीर करा. आणि गणपतीच्या दिवसांत मुदत संपवू नका, तेव्हा तपासायला कुणाचा हात मोकळा नसतो.