मदत हवी आहे: पीथमपूरच्या राखेजवळच्या विहिरींचं पाणी कसं तपासून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची, राजेंद्रनगरात राहते. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी या भागातल्या लोकांकडून मदत हवी आहे, कारण घातक कचऱ्याची केंद्रं तुमच्या शेजारी बरीच वर्षं आहेत.

भोपाळच्या वायुकांडवाल्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला १२ कंटेनरांतून आमच्या इंदूरजवळच्या पीथमपूरच्या घातक कचरा केंद्रात आणला, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल. ३ तारखेला तिथे बंद होता, दोघांनी आत्मदहनाचा प्रयत्न केला. मग ३० टन चाचणी म्हणून जाळले, बाकीचा मे-जूनमध्ये. धूर मर्यादेत होता असं प्रदूषण नियंत्रण मंडळानं उच्च न्यायालयाला सांगितलं. जाळणं संपलं आणि पेपरवाल्यांचं लक्षही उडालं. पण जाळताना चुना वगैरे घालावा लागतो, त्यामुळे राख आणि इतर अवशेष मूळ कचऱ्यापेक्षा जास्त, साडेआठशे टनांच्या वर निघाले. ते कायमचे कुठे पुरायचे हा विषय न्यायालयात गेला आहे, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे.

गंभीर नदी इथून लांब नाही. होळकरांच्या काळातला यशवंतसागर तिच्यावरच आहे, आणि त्याचं पाणी आमच्या पश्चिम इंदूरला येतं. पुढे उज्जैनची तहानही गंभीरवरच्याच धरणावर भागते. म्हणजे हा फक्त पीथमपूरवाल्यांचा प्रश्न नाही. तरी इंदुरात कुणाशी बोललं की "आपल्याकडे नर्मदेचं पाणी आहे ना" असं म्हणून लोक मोकळे होतात. याचा फार त्रास होतो मला.

त्या कचरा केंद्राला लागून तारपुरा गाव आहे. आमच्याकडे भाजी देणाऱ्या ताईंचं ते माहेर, त्यांच्याबरोबर जाऊन आले. घराघरांत बोअरचं पाणी. एका वहिनींनी रात्री भरून ठेवलेलं स्टीलचं पातेलं दाखवलं, तळाशी पांढरा थर बसलेला, बोटानं खरवडला तरी निघेना. शेजारच्या मुलानं टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र) बुडवून आकडा दाखवला. सगळे माझ्याकडे बघत होते, की आता ही बाई सांगेल पाणी प्यायचं की नाही.

माझी विचारणा अशी. राख पुरली जाण्याआधी या विहिरी-बोअरच्या पाण्याची नोंद करून ठेवायची आहे, म्हणजे पुढे काही बदललं तर दाखवता येईल. त्यासाठी नेमकं काय तपासायचं? नमुना कुणी घ्यावा म्हणजे तो कोर्टात टिकेल? केंद्राची स्वतःची निरीक्षण-विहीर असते म्हणतात, तिचे अहवाल सामान्य माणसाला मिळतात का? आणि २०११ साली हाच कचरा नागपूरजवळ डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) भट्टीत जाळायचं घाटत होतं तेव्हा तुमच्याकडे विरोध झाला. तो कागदोपत्री कसा उभा केला होता? गुजरातनं अंकलेश्वरसाठी नकार दिला, जर्मनीला न्यायचं ठरलं तर तिथल्या लोकांनीही नको म्हटलं. आमच्या गावकऱ्यांनी मात्र रस्त्यावर उतरूनही ट्रक आत गेलेच.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं, ही विनंती.

प्रतिसाद १ (पनवेलहून)

ताई, आधी एक सांगतो. पातेल्यातला पांढरा थर क्षारांचा आहे, माळव्याच्या काळ्या दगडातलं पाणी जड असतंच. तो पुरावा म्हणून कुठेही नेऊ नका, पहिल्याच प्रश्नात समोरचा वकील तो उडवून लावेल. टीडीएस मीटरचंही तेच. त्याला विरघळलेले क्षार कळतात, कीटकनाशक कळत नाही.

तुम्हाला हवेत जड धातू (शिसं, पारा, निकेल, क्रोमियम, मँगनीज) आणि कार्बाइडची खूण सांगणारे पदार्थ: कार्बारिल म्हणजेच सेव्हिन (भोपाळला बनायचं ते कीटकनाशक), नॅफ्थॉल, क्लोरोबेंझिन, ऑर्गॅनोक्लोरीन (क्लोरीन असलेली सेंद्रिय रसायनं). त्या कचऱ्यात सेव्हिन आणि नॅफ्थॉलचे अवशेष होतेच, शिवाय रिअॅक्टरमधला गाळ, अर्धवट बनलेलं कीटकनाशक आणि दूषित माती. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची घ्या, आणि मान्यता या चाचण्यांसाठी आहे का ते यादीत बघा. नुसता शिक्का बघून पैसे भरू नका. सेंद्रिय विषांचा नमुना गडद काचेच्या बाटलीत, धातूंचा प्लास्टिकच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच घ्या. बोअर थोडा वेळ चालवून पाइपातलं शिळं पाणी जाऊ द्या, मग भरा, आणि लगेच बर्फाच्या पेटीत ठेवा. शक्यतो प्रयोगशाळेच्याच माणसाला यायला सांगा, दोन पंचांच्या सह्या घ्या.

विहिरी दोन्ही बाजूंच्या हव्यात: पाणी जिकडून येतं तिकडची एक आणि जिकडे जातं तिकडच्या दोन-तीन. बेसॉल्टमध्ये, म्हणजे त्या काळ्या दगडात, पाणी भेगांतून जातं, त्यामुळे जमिनीचा उतार बघून दिशा ठरवू नका, भूजल खात्याच्या माणसाला विचारा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. आमच्याकडे कासाडी नदीचं पाणी डोळ्यांना दिसत होतं तरी आधीचा आकडा नसल्यामुळे बोलणं अवघड गेलं.

प्रतिसाद २ (नागपूरहून)

निरीक्षण-विहिरींचे अहवाल मंडळाकडे येतात. माहिती अधिकारात मागा, १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. अहवाल मागतानाच फाइल प्रत्यक्ष पाहण्याचीही मागणी करा. कलम २(जे) मध्ये कागदच नाही तर पदार्थाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, फार कमी लोक तो वापरतात. एनजीटीचं (राष्ट्रीय हरित लवादाचं) मध्य क्षेत्राचं पीठ भोपाळलाच आहे. तिथे एनजीटी कायद्याच्या कलम १४ खाली जायचं तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, हे विसरू नका. पण मूळ याचिका २००४ पासून उच्च न्यायालयात आहे, तेव्हा तिथेच हस्तक्षेप अर्ज करता येतो का ते आधी वकिलांना विचारा. ग्रामसभेचा ठराव मात्र उद्याच करून घ्या.

धागाकर्ती

दादा, दोघांचेही मनापासून आभार. पातेल्याचं सांगितलंत ते बरं केलंत, वहिनींना आजच कळवते, म्हणजे उगाच जीव टांगणीला राहणार नाही. ठरावाचं सरपंचांशी बोलते. एक राहिलं: कार्बारिल आणि क्लोरोबेंझिन दोन्ही करणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा इंदूर-भोपाळकडे कुणाला माहीत आहे का? नसेल तर नमुने पुण्याला किंवा नागपूरला पाठवताना चोवीस तासांत पोचले नाहीत तर चालतात का?