घरचा फिक्सर ताकासारखा पांढरा झाला, काय चुकलं?

रीळ_उरलं:
मंडळी, फोटोची फिल्म डेव्हलप केल्यावर चित्र पक्कं करायला जे द्रावण लागतं त्या रेडिमेड फिक्सरपेक्षा त्याचं कुरिअरच महाग पडतंय म्हणून घरीच करायला घेतला. हायपोचे (म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे) खडे २४० ग्रॅम, सल्फाईट १५ ग्रॅम आणि ॲसिड म्हणून किचनमधलं व्हिनेगर, सगळं मिळून एक लिटर. नळाचं पाणी घेतलं होतं, खडे विरघळता विरघळता बरणी इतकी गार पडली की बाहेरून घाम सुटला, हे नॉर्मल आहे का? तोवर पाणी स्वच्छ होतं, मग व्हिनेगर ओतलं तर आधी निळसर झाक आली आणि अर्ध्या तासात चक्क ताक. वास फटाके उडवल्यावर येतो तसा. गाळून वापरू का?

अंधारखोली:
गाळू नका, फेकाच. पांढरं दिसतंय ते गंधक आहे, ॲसिडमध्ये हायपो फुटतो. गार पडणं नॉर्मल, हायपो विरघळताना पाण्यातली उष्णता ओढतो, म्हणून पाणी ५० डिग्रीच्या आसपास घ्यायचं आणि ॲसिड मात्र थंड झाल्यावरच. पण फुटू नये म्हणूनच तर सल्फाईट असतं आणि तुम्ही ते घातलंय म्हणता. पुडीवरचं लेबल जरा अक्षर न् अक्षर वाचा बरं.

रीळ_उरलं:
वाचलं 🤦 सोडियम सल्फेट. दुकानात दोनदा सल्फाईट म्हणून सांगितलं होतं, तो म्हणाला एकच असतं हो ते!

जुना_स्टुडिओ:
नशीब सल्फाईड नाही दिलं, घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटला असता. आमच्याकडे कोडॅकच्या कृतीचा एफ-५ फिक्सर करायचे, हायपो २४०, सल्फाईट १५, २८ टक्के ॲसेटिक ४८ मिली, बोरिक साडेसात आणि तुरटी १५ ग्रॅम, हो तीच पोटॅश तुरटी, दाढी झाल्यावर लावतात ती. त्याने इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, कडक होतं, पण आजच्या फिल्म मुळातच कडक असतात आणि तुरटीने धुणं लांबतं, त्यामुळे मी ती केव्हाच सोडली. आणि व्हिनेगर पाच टक्क्यांचं, ४८ मिलीच्या जागी पाव लिटरच्या वर लागेल, कशाला तो खटाटोप. एफ-२४ करा, हायपो २४०, सल्फाईट १०, बायसल्फाईट २५, संपलं. हायपो खड्यांचाच हवा हं, निर्जल पावडर मिळाली तर २४० च्या जागी साधारण १५३ ग्रॅमच पुरते.

अंधारखोली:
+१. आणि रीळ टाकायच्या आधी फिल्मच्या शेपटीचा तुकडा उजेडात बुडवून घड्याळ लावा, पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट फिक्स करा. हा वेळ ताज्या फिक्सरच्या दुप्पट झाला की फिक्सर बाद. वापरलेल्यात चांदी असते, बेसिनमध्ये ओतू नका.

रीळ_उरलं:
झालं एकदाचं! या वेळी सल्फाईट पुडी फोडायच्या आधी लेबल वाचून, दुकानदारालाही वाचायला लावून आणलं. एफ-२४ केला, पाण्यासारखा स्वच्छ, तुकडा साडेतीन मिनिटांत साफ म्हणून रीळ सात मिनिटं ठेवलं. निगेटिव्ह बाथरूममध्ये वाळतायत, कोणाला आंघोळीला जाऊ देत नाहीये. ती पहिली बरणी लोणच्याची होती हे मात्र आईला आत्ताच कळलंय.