समुद्रात पवनचक्क्या लावायच्या तर जागा ठरवतंय कोण?

बालाघाटकर (पाटोदा)
राम राम मंडळी. आमच्या डोंगरावर पवनचक्क्या आल्या तवा आधी दलाल आला, मग मोजणी, मग क्रेनसाठी रस्ता, आन गावाला कळलं सगळ्यात शेवटी. एकेकाला वेगळं गाठून सह्या घेतल्या, शेजाऱ्याला एक भाव आपल्याला दुसराच, रस्त्यात बांध गेला त्याच्या पैशासाठी आजून भांडायलोत. आता धाकटा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायलाय, त्यो म्हणला सरकार समुद्रात बी चक्क्या लावणारय. तिथं ना सातबारा ना बांध, मग जागा कोणाची, मोबदला कोणाला, आन मासे धरणाऱ्यांना कोणी विचारतंय का? हसू नका, माहीत असलं तर सांगा.

मांजराकाठ (लातूर)
हसायचं काय त्यात काका, मुद्द्याचंच विचारलंत. किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, देशाची हद्द. २०० मैलांपर्यंत तिथल्या साधनसंपत्तीवर आपला हक्क, १९७६ चा कायदा आहे तसा. त्याच कायद्याखाली २०२३ ला समुद्री पवनऊर्जेच्या भाडेपट्ट्याचे नियम निघाले, म्हणजे पट्टा देणार केंद्र. पण १२ मैलांच्या आतली मासेमारी राज्याच्या हातात, एकाच गटाला दोन तलाठी असल्यासारखं झालं हे. जून २०२४ मधे ७४५३ कोटींची योजना मंजूर झाली, ५०० मेगावॅट गुजरात आणि ५०० तामिळनाडू. कोकणचा नंबर नाही त्यात.

परभणीचा_पोर्टवाला
मी सध्या गुजरातेत पिपावाव बंदराकडं कामाला आहे, इथल्याच समुद्रात २०१७ ला वारा मोजायचं यंत्र बसवलं होतं. मोबदल्याचं म्हणाल तर आधी हे बघा की मच्छीमार म्हणजे सगळे एकसारखे नाहीत. बाजूला जाफराबादचे लोक बोंबलासाठी डोल जाळं लावतात, मोठ्या पिशवीसारखं असतं, तोंड पाण्याच्या ओढीकडं करून जागेवर पक्कं बांधायचं, भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी आपोआप आत येते. ट्रॉलरवाला तळाशी जाळं ओढत जातो, त्याला केबलमधे अडकायची भीती. दोन खांबांमधून होडी जाईल हो, पण ओढतं जाळं घेऊन कोण जाणार? डोलवाल्याची जागाच गेली तर त्यानं ते जाळं कुठं न्यायचं? नुसतं "मच्छीमारांशी चर्चा केली" असं लिहिलं तर नेमकं कोणाशी, हे विचारा.

गोदाकाठ_नांदेड
ह्यालाच सागरी क्षेत्र नियोजन म्हणतात. आधी एकाच नकाशावर जहाजांचे रस्ते, नौदल, तेलाच्या पाइपलाइनी, मासेमारी, प्रजननाच्या जागा मांडायच्या, मग उरलं त्यात चक्क्या. नॉर्वेच्या मदतीनं पुद्दुचेरी आणि लक्षद्वीपला तसा प्रयोग झाला. तामिळनाडूत मन्नारच्या आखातात २१ बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, प्रवाळ, समुद्री गवत, डुगाँग (समुद्री गाय), तिथं खांब ठोकायचा आवाज किती लांब जातो हा प्रश्न येतोच. जर्मनीत ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा आहे, म्हणून खांबाभोवती पाण्यात बुडबुड्यांचा पडदा सोडतात. आणि स्वीडननं नोव्हेंबर २०२४ मधे बाल्टिक समुद्रातले पवनचक्क्यांचे १३ प्रकल्प देशाच्या संरक्षणाचं कारण देऊन एका झटक्यात नाकारले.

कडक_ऊन
नकाशे काढत बसा. समुद्रातली वीज महाग पडते म्हणून तर सरकारला पैसे द्यावे लागायलेत, आजून एक पातं फिरायलं नाही. शेवटी परत आपल्याच डोंगरावर येतील बघा.

परभणीचा_पोर्टवाला
महाग आहे, खरंय. पण खांब एकदा ठोकला की पंचवीस-तीस वर्षं हलत नाही, नकाशा मागून काढून काय उपयोग?

बालाघाटकर (पाटोदा)
लई आभार सगळ्यांचे. मंग मला सांगा, आमच्या तालुक्यात नायगावचं मोराचं अभयारण्य हाय, डोंगर हाय, गायरान हाय, वस्त्या हायत. समुद्राचा नकाशा आधी काढतात तर जमिनीवर चक्क्या लावायच्या आधी आसा एखादा नकाशा असतो का, आन तो मागायचा कोणाकडं, तहसीलला का जिल्ह्याला? माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचाय, मजकूर कोणी लिहून देईल का?