तिसरीपर्यंत रोज गोष्ट वाचून दाखवावी की तो वेळ वाचन घेण्याला द्यावा?

तिसरीच्या बाई, कुर्ला
मी महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीला शिकवते, दुपारच्या अधिवेशनाला. माझं म्हणणं असं की तिसरीपर्यंतच्या प्रत्येक वर्गात शिक्षकाने रोज पंधरा मिनिटं गोष्ट वाचून दाखवलीच पाहिजे. त्यावर प्रश्नोत्तरं नकोत, वहीत उतरवणं नको. आमच्याकडे हा वेळ फुकट गेला असं धरतात. त्यापेक्षा 'वाचन घ्या' म्हणतात, म्हणजे मुलाला उभं करा आणि मिनिटात किती शब्द झाले ते तक्त्यात भरा.

वर्गातली एक मुलगी धडाधड वाचते, मिनिटाला साठाच्या वर. पण ती थांबते ओळ संपली की. पूर्णविराम मधे आला तर तशीच पुढे जाते. उताऱ्यात बकरी हरवते आणि शेवटी सापडते. मी विचारलं, "बकरी कुठे होती गं?" तिने पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली. तक्त्यात तिच्या नावापुढे बरोबरची खूण आहे.

माझ्या वर्गात भोजपुरी, हिंदी, तेलुगू बोलणाऱ्या घरांतली पुष्कळ मुलं आहेत. मराठी घरांतल्या मुलांच्याही कानावर पुस्तकातली मराठी पडत नाही. 'तेवढ्यात', 'निमूटपणे', 'एकाएकी' असं घरात कोण बोलतं? जे कधी ऐकलंच नाही ते नुसतं डोळ्यांनी वाचून मुलाला काय कळणार?

घाटकोपरचे गुरुजी
बाई, तुमची तळमळ पटते, पण मार्ग पटत नाही. माझ्याकडेही तिसरीच आहे. 'सूर्य' आला की 'सूर' म्हणून अडणारी मुलं आहेत, रफार कशावर द्यायचा ते त्यांना उमगत नाही. काही जण अजून 'क ला काना का' करत पुढे सरकतात. असं मूल वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. वेग लागतो तो यासाठी. गोष्ट ऐकायला त्याला आवडेलच, पण ऐकून रफार येत नाही.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास धरले आहेत. रोजची पंधरा मिनिटं म्हणजे वर्षाचे 50 तास. तेवढा वेळ मी मागे पडलेल्या सात-आठ जणांना जवळ घेऊन बसलो, तर ती मुलं चौथीत वाचत जातील.

शिवाय 2021 च्या 'निपुण भारत' या केंद्राच्या वाचन-गणित मोहिमेत तिसरीला मिनिटाला 60 शब्द सांगितलेत ते समजून वाचलेले आणि अनोळखी उताऱ्यातले. कुणी नुसतंच घड्याळ लावत असेल तर दोष त्या उद्दिष्टाचा नाही.

चेंबूरची आई
गुरुजींना पाठिंबा. आम्ही दोघं सकाळी कामावर जातो ते रात्री परततो. शाळेने मुलाला वाचता यायला शिकवावं एवढीच अपेक्षा आहे. गोष्टी आजीसुद्धा सांगू शकते. मुलांना वाचता येतं का ते तपासणाऱ्या 'असर' पाहणीचे अहवाल बघा, पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही.

निवृत्त मुख्याध्यापिका, परळ
असर 2005 पासून निघतो, पण ती पाहणी ग्रामीण भागाची. त्यावरून मुंबईच्या वर्गांबद्दल बोलू नये. आणि ताई, आजी किती जणांच्या घरात आहे? आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलांची आजी गावाला. दहा बाय दहाच्या खोलीत संध्याकाळभर टीव्ही चालू. शाळेने वाचून दाखवलं नाही तर त्या मुलाला कुणीच वाचून दाखवत नाही.

पुस्तकं नाहीत ही सबब मात्र ऐकू नका. ती कपाटात कुलूपबंद असतात, कारण एक फाटलं की साठा नोंदवहीत उत्तर द्यावं लागतं. शिक्षकाचा हा धाक आधी काढा. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंकही इंटरनेटवर फुकट मिळतात.

तिसरीच्या बाई, कुर्ला
गुरुजी, रफार गोष्टीतून येत नाही हे कबूल. तो मी फळ्यावर वेगळा घेतेच. पण गोष्टीच्या वेळी सगळ्यात पुढे सरकून बसतात ती तुमच्या हिशेबातली हीच सात-आठ मुलं. एरवी दिवसभर त्यांच्या वाट्याला चारचौघांत अडखळणं येतं. त्यांच्यातल्या एकाने मधल्या सुट्टीत दोरीवर अडकवलेलं कालचंच पुस्तक काढलं. चित्रांवरून शेजारच्याला गोष्ट सांगत होता. एका ओळीवर बोट ठेवून मला हाक मारली, "बाई, एकाएकी इथे आहे!" अक्षर लावायची खटपट मुलाने कशासाठी करायची, ते त्याला या पंधरा मिनिटांत कळतं.

घाटकोपरचे गुरुजी
त्याने बोट ठेवलं, कारण त्याला 'ए' आणि 'का' ओळखता येत होतं. ते कुणीतरी घोटून घेतलं होतं. भाषेच्या तासिकेतून मी पंधरा मिनिटं देणार नाही. परिपाठातून घ्या, माझी हरकत नाही.

तिसरीच्या बाई, कुर्ला
परिपाठाला सगळे वर्ग व्हरांड्यात, माइकवर सूचना आणि निम्मी मुलं जिन्यात. तिथे गोष्ट ऐकू जाणार नाही. मला वर्गातलीच पंधरा मिनिटं हवीत, आणि ती भाषेच्याच तासिकेतली.