मेटल डिटेक्टर, दुखरा खांदा आणि ३०० ग्रॅम शिसे

प्रेषक: वर्सोव्याहून एक सभासद

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आईच्या आजारपणामुळे मी गेले वर्षभर मुंबईत राहते आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेच. येताना मी माझा मेटल डिटेक्टर बरोबर आणला आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जाऊन लोकांच्या वाळूत हरवलेल्या अंगठ्या आणि पैंजणे शोधून देऊ लागले. हल्ली मात्र अर्धा तास झाला की उजवा खांदा भरून येतो आणि घरी परतल्यावर फडताळातला वरचा डबा काढायला हात उचलत नाही.

यंत्र पुढच्या बाजूला जड वाटते, म्हणून मी कोळीवाड्यातून जाळ्याला लावायचे शिसे आणले आणि त्याची ३०० ग्रॅमची पुरचुंडी दांड्याच्या मागच्या टोकाला, कोपराखालच्या खोबणीपाशी घट्ट बांधली. तोल सुधारला, पण खांदा पूर्वीपेक्षाही लवकर दुखू लागला. मग सगळे भाग सुटे करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. शिसे सोडून एकूण वजन १,३०० ग्रॅम भरले. त्यात पुढची कॉइल, म्हणजे वाळूवर फिरवायची धातू शोधणारी तबकडी, ५०० ग्रॅमची, बॅटरीची डबी ३०० ग्रॅमची आणि उरलेले सारे मुठीच्या आसपास. डबीही मुठीखालीच आहे. जमिनीवर खुणा करून मोजले, तर मुठीपासून कॉइल ८० सेंटिमीटर पुढे आणि खोबण ३० सेंटिमीटर मागे येते. काका, आपण इंग्लंडातल्या शेतांत वर्षानुवर्षे हे यंत्र चालवत आला आहात. माझे कुठे चुकते आहे ते कृपया सांगावे.

प्रेषक: काका

अनेक आशीर्वाद.

हात वर जात नसेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना खांदा दाखव. यंत्रात केलेला बदल हा काही उपचार नव्हे, आणि दुखणे अंगावर काढून कॉइल फिरवत राहणे मला मुळीच पसंत नाही.

आता तुझ्याच आकड्यांकडे वळू. हा दांडा म्हणजे शाळेत शिकलेली तरफ आहे आणि तुझी मूठ हा तिचा टेकू. पुढे ८० सेंटिमीटरवर ५०० ग्रॅम लटकत असल्यामुळे मागचे टोक वर उसळते आणि ते दाबून धरायला तुझ्या कोपराजवळच्या हाताला खोबणीवर सुमारे १,३३० ग्रॅमचा जोर द्यावा लागतो. हा जोर शेवटी मुठीवरच येतो, म्हणून काट्यावर १,३०० ग्रॅम दिसणारे यंत्र मुठीला २,६३० ग्रॅमचे होते. खोबणीपाशी ३०० ग्रॅम शिसे बांधल्यावर दाबायचा जोर तेवढ्यानेच कमी झाला, पण यंत्राचे वजनही तेवढ्यानेच वाढले, त्यामुळे मुठीवरचा भार होता तिथेच राहिला. खांद्याला मात्र एकूण वजन पेलावे लागते; ते १,६०० ग्रॅम झाले, शिवाय डावी-उजवीकडे फिरवताना प्रत्येक फेऱ्याला ते शिसे थांबवून उलट वळवण्याचे कामही वाढले. तेव्हा ते आजच सोडून ठेव.

त्याऐवजी बॅटरीची डबी दांड्यावरून काढ. ती मागे खोबणीपाशी बसवली किंवा कमरेच्या पट्ट्यात ठेवली, तरी मुठीवरचा भार सारखाच, म्हणजे २,३३० ग्रॅमपर्यंत उतरतो. पण कमरेला ठेवल्यास हातावर पेलायचे एकूण वजन १,००० ग्रॅमच उरते, म्हणून दुखऱ्या खांद्याला कंबरच बरी. ही युक्ती जुनी आहे. १९४१ साली युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंगशोधक यंत्र तयार केले आणि १९४२ मध्ये अल अलामेनच्या लढाईत ते वापरले गेले. त्याचे वजन १४ किलोच्या जवळपास होते आणि ते एकट्या सैनिकाला वाहता यावे, म्हणून त्यातला जड भाग पाठीवर घेतला जाई.

सर्वांत मोठा लाभ पुढच्या टोकाला आहे. ३०० ग्रॅमची लहान कॉइल लावलीस, तर खोबणीवरचा जोर ८०० ग्रॅमवर येतो. म्हणजे कमी झाले २०० ग्रॅम आणि बॅटरी जागच्या जागी ठेवूनसुद्धा मुठीला सुटका ७३० ग्रॅमची. लहान कॉइल तेवढी खोल पाहत नाही आणि एका फेऱ्यात जागाही कमी व्यापते, हे खरे. पण समुद्रकाठच्या लोहकणांच्या वाळूत तिच्याखाली एका वेळी कमी वाळू येत असल्यामुळे यंत्र कमी गोंधळते. कॉइल त्याच मॉडेलसाठी बनवलेली हवी. दुसरीची तार जुळली, तरी यंत्र नीट चालेलच असे नाही.

खोबण दांड्यावर सरकत असेल, तर तीही कोपराकडे सरकव, फक्त कोपर वाकण्यापुरती दोन बोटे जागा सोड. ३० ऐवजी ३४ सेंटिमीटर झाले, तर दाबायचा जोर १,१८० ग्रॅमच्या आत येतो, आणि यासाठी एक रुपयाही लागत नाही. दांडा आखूड करण्याचा मोह मात्र टाळ, कारण मग तू वाकून चालशील आणि खांद्याचे दुखणे कमरेत उतरेल.

काहीही बसवताना कॉइलजवळ धातूचा स्क्रू, क्लिप किंवा बकल येऊ देऊ नकोस, आणि कॉइलची तार दांड्याभोवती घट्ट गुंडाळ. ती सैल हलली, तरी खोटे आवाज येतात.

प्रेषक: वर्सोव्याहून एक सभासद

काकांना सादर प्रणाम.

शिसे त्याच दिवशी कोळीवाड्यात परत दिले. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती आणि व्यायाम सांगितला, तो पूर्ण केला. त्या काळात लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराकडून बॅटरीसाठी मीटरभर लांबीची दुपदरी तार करून घेतली. तार जोडण्यापूर्वी त्यांनी धन आणि ऋण टोके दोनदा तपासली आणि प्लगच्या तोंडाशी खाऱ्या हवेसाठी रबरी टोपी बसवली. दादरच्या बॅगा शिवणाऱ्यांनी डबीसाठी कॅनव्हासचा खिसा शिवला. त्याला प्लॅस्टिकचे बकल आहे. खोबण चार सेंटिमीटर मागे सरकली.

काल ओहोटीला पाऊण तास चालले. मनगट हलके वाटले आणि खांदा भरून आला तो अगदी शेवटी, उजवा हात बदलून डाव्या हाताने फिरवायचे विसरले तेव्हा. तार मात्र चालताना मांडीला घासते, म्हणून ती सदऱ्याच्या आतून घेण्याचा विचार आहे.

लहान कॉइल इथे मला मिळाली नाही. गणेशोत्सवानंतर मंडळातील कोणी मुंबईस येणार असल्यास, आणि सामानात जागा असल्यास, मला कृपया कळवावे. मॉडेलचा क्रमांक मी त्यांना वेगळ्या पत्राने पाठवीन आणि कॉइल घेण्यासाठी विमानतळावर स्वतः येईन.