मदत हवी आहे : बालीचा प्रवास न्येपीला धरून आखावा की गालुंगानला?

नमस्कार मंडळी,

मी, पत्नी, १० वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी त्रस्त असलेली ७४ वर्षांची आई असे आम्ही चौघे २०२६ मध्ये नऊ-दहा दिवसांसाठी बालीला जाण्याच्या विचारात आहोत. समुद्रकिनाऱ्यांपेक्षा तिथली माणसे आपले सण कशी पाळतात हे पाहण्याची ओढ आम्हाला अधिक आहे, आणि न्येपी व गालुंगान या तिथल्या दोन मोठ्या सणांपैकी कोणता निवडावा हा तारखांचा गुंता झाला आहे तो त्यामुळेच.

पहिला पर्याय मार्चचा आहे. बालीतील शक संवत्सराचा पहिला दिवस, म्हणजे न्येपी, १९ मार्च २०२६ रोजी येतो. त्याच दिवशी आपला गुढीपाडवा आहे आणि दोन्हीकडे शके १९४८ सुरू होते. कालगणना एकाच शकाची असली तरी अधिक महिना धरण्याची रीत वेगळी असल्यामुळे हा मेळ दर वर्षी बसत नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला होता. हा योगायोग कळल्यापासून आईने मार्चचाच आग्रह धरला आहे. मात्र त्या दिवशी बालीत विस्तवही पेटवत नाहीत हे तिला सांगितले, तेव्हा ती जरा विचारात पडली.

न्येपीच्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत विस्तव व दिवे, काम, प्रवास आणि करमणूक या चारही गोष्टी वर्ज्य असतात. विमानतळ बंद असतो, मोबाइलवरचे इंटरनेट बंद ठेवले जाते आणि पेचालांग म्हणजे गावाचे पारंपरिक रक्षक रस्त्यांवर लक्ष ठेवतात. पर्यटकांनाही निवासाच्या आवाराबाहेर पडता येत नाही. हॉटेलात पाहुण्यांना जेवण मिळते, पण दिवे मंद ठेवावे लागतात. आम्हाला ही बंधने मनापासून मान्य आहेत, किंबहुना त्यासाठीच जायचे आहे. तरीही एक पूर्ण दिवस आवारातच काढायचा असल्यामुळे निवासाची निवड फार महत्त्वाची ठरते. मुलीला हिंडायला मोकळी जागा असलेले मोठे हॉटेल घ्यावे, की उबुदजवळच्या एखाद्या खेड्यात कुटुंबाने चालवलेल्या छोट्या निवासात राहावे? दुसऱ्या प्रकारात यजमानांचे आचरण जवळून पाहता येईल असे मला वाटते, पण आपल्या चौघांच्या जेवणाखाणाचा भार त्यांच्या व्रताच्या दिवशी त्यांच्यावर टाकणे कितपत योग्य, हा प्रश्न मनातून जात नाही. ज्यांनी न्येपी अशा घरगुती निवासात घालवली असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह या अक्राळविक्राळ राक्षसमूर्तींच्या मिरवणुका निघतात. मुलीला त्या पाहायच्याच आहेत, पण गर्दीत आईला दोन-तीन तास उभे करणे शक्य नाही. मिरवणूक जवळून दिसेल आणि बसण्याचीही सोय होईल अशा दृष्टीने उबुद बरे की सानूर? शिवाय त्या दिवशी रस्ते लवकर बंद होत असल्याने आम्ही १६ मार्चपर्यंत पोहोचण्याचे ठरवत आहोत. त्याच्याही आधी जाऊन समुद्रावर होणारा मेलास्तीचा शुद्धिविधी गाठावा का, याबद्दलही मत हवे आहे. त्याच आठवड्याच्या शेवटी रमजान ईद येते, तेव्हा इंडोनेशियाच्या इतर बेटांवरून येणाऱ्या पर्यटकांची गर्दी पुढच्या दिवसांत किती जाणवेल, याचाही अंदाज येत नाही.

दुसरा पर्याय जूनचा. बालीतील दुसऱ्या, २१० दिवसांच्या पंचांगाप्रमाणे येणारा गालुंगान १७ जून २०२६ रोजी असून त्यानंतर दहा दिवसांनी, २७ जूनला, कुनिंगान हा त्याच्या समारोपाचा सण आहे. पितर या काळात घरी येतात अशी समजूत असल्याने दारोदारी पेंजोर उभारतात : शेंड्याकडे कमानीसारखे वाकलेले, नारळाच्या कोवळ्या पानांनी सजवलेले उंच बांबू. (छायाचित्र पाहून आई म्हणाली, ‘ही तर वाकलेली गुढी!’) जून कोरड्या ऋतूत येतो, तर मार्चमध्ये पावसाळा पुरता सरलेला नसतो, त्यामुळे सोयीच्या दृष्टीने हा पर्याय उघडच सरस आहे. अडचण एवढीच की गालुंगानला लोक मूळ गावी जातात, त्यामुळे गाडी व चालक मिळणे कितपत कठीण जाते ते अनुभवी मंडळींनी सांगावे.

तारखा कोणत्याही ठरल्या तरी दोन शंका उरतात. ताम्पाकसिरिंग येथील तीर्त एम्पुल मंदिरातील झऱ्यांखाली स्नान करण्याची आईची इच्छा आहे. तिथे पर्यटकांनाही विधीत भाग घेता येतो हे ठाऊक आहे, परंतु ओल्या पायऱ्यांवर आधाराला धरायला काही आहे का, आणि गर्दी टाळण्यासाठी पहाटे जाणे पुरते का? दुसरे असे की उलुवातूच्या कड्यावर सूर्यास्ताच्या वेळी होणारा केचक या नृत्यनाट्याचा प्रयोग पाहण्यासाठी प्रेक्षागारात बऱ्याच पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात असे दिसते. रामायणातील प्रसंग आणि शंभराच्या आसपास पुरुषांचा तो ‘चक-चक’ असा घोष आईला चुकवायचा नाही. उबुदमध्ये सपाट जागी होणारा प्रयोग तितकाच रंगतो का?

आगमनानंतर मिळणारा ३० दिवसांचा व्हिसा, त्याचे ५,००,००० रुपिया शुल्क, परदेशी पर्यटकांवरील १,५०,००० रुपियांचा कर, मंदिरात सारोंग (लुंगीसारखे वस्त्र) व कमरपट्टा बांधण्याचा आणि मासिक पाळीच्या काळात आत न जाण्याचा नियम, ही माहिती मिळवून झाली आहे, त्यामुळे त्यावर कोणी वेळ खर्च करू नये. माझा स्वतःचा कल अजूनही मार्चकडेच आहे. वयस्कर माणसांना घेऊन न्येपी अनुभवलेल्या कोणी ‘जाऊ नका’ असे सांगितले, तर मात्र मी जूनची तिकिटे काढीन.