मदत हवी आहे: दुधात सोन्याचा रंग एकतर बदलतच नाही, नाहीतर मेलामाईन नसतानाही बदलतो

तांबडा_पांढरा:

मंडळी, एमएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच. प्रोजेक्ट आहे सोन्याच्या नॅनोकणांनी दुधातलं मेलामाईन ओळखण्याचा. 2008 साली चीनमध्ये बाळांच्या दूधभुकटीत सापडलं ते हेच. त्याच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजन असतो, आणि जुन्या प्रथिन-चाचणीत नायट्रोजनच मोजतात. म्हणून पाणी घातलेलं दूध सकस दाखवायला ते घालत होते.

कण नेहमीच्याच पद्धतीनं केले. 1 मिलीमोलर क्लोरोऑरिक आम्ल (सोन्याचं विद्राव्य संयुग) 100 मिली, उकळी फुटली की 38.8 मिलीमोलर ट्रायसोडियम सायट्रेट 10 मिली एकदम ओतायचं. फिकट पिवळं द्रावण आधी पाण्यासारखं होतं, मग शाई सांडल्यासारखं काळपट, मग जांभळं, आणि शेवटी कोकम सरबतासारखं लालभडक. कण साधारण 13 नॅनोमीटरचे, प्रकाश-शोषणाचं शिखर 520 नॅनोमीटरला. मामाचं गुजरीत सोन्याचं दुकान आहे, त्याला बाटली दाखवली तर म्हणाला, "ह्यात सोनं हाय? मग माझ्याकडं काय हाय?"

इथवर झकास चाललं होतं. पुढचा घोळ असा:

डिस्टिल्ड पाण्यात मेलामाईन घालून सोन्यात टाकलं की पाचेक मिनिटांत निळं. पुस्तकात आहे तसंच.

दूध पातळ करून टाकलं तर मेलामाईन कितीही घाला, गढूळ गुलाबी ते गुलाबीच.

म्हणून ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लानं दूध फाडलं, सेंट्रिफ्यूज केलं, वरचं नितळ पाणी घेतलं. ते टाकल्या टाकल्या निळं! मेलामाईनचा कण नसताना. दूध तर गंगावेशीतल्या कट्ट्यावर माझ्या डोळ्यांसमोर म्हशीखाली बसून काढलेलं. त्यात मेलामाईन कुठून येणार?

गाईड म्हणतात कण परत कर. तीनदा केले. क्लोरोऑरिक आम्लाची बाटली तळाला गेली आहे आणि दुसरी मागायची हिंमत नाही. काय चुकतंय?

नादखुळा_केमिस्ट:

भावा, काचेची भांडी अ‍ॅक्वा रेजियानं (सोनं विरघळवणारं आम्लमिश्रण) धुतलीस का? माझं निम्मं वर्ष त्यात गेलं.

तांबडा_पांढरा:

धुतली. नुसतं सोनं आठवडाभर बाटलीत लालच आहे, त्यामुळे भांड्यांचा दोष वाटत नाही. हां, गंमत म्हणून नळाचं पाणी घातलं तर तेही हळूहळू जांभळं झालं.

निवृत्त_बीकर:

नळाच्या पाण्याचं सांगितलंत ते बरं झालं. कण परत करू नका, तुमचे कण उत्तम आहेत. तुम्ही सोन्याकडे बघताय, बघायला हवं त्याच्या अंगावरच्या सायट्रेटकडे. प्रत्येक कणावर सायट्रेटचा पातळ थर असतो, त्याच्या ऋण प्रभारामुळे कण एकमेकांना ढकलतात आणि सुटे राहतात. सुटे म्हणजे लाल, चिकटले की निळे. सोनं तेच, कणांचा आकारही तोच.

आता तुमची दोन कोडी. दुधातलं केसीन हे प्रथिन सोन्यावर जाऊन बसतं आणि जाड गोधडी पांघरतं. मेलामाईनला आत शिरायला जागाच उरत नाही. दूध घातलेल्या सोन्यात चिमूटभर मीठ टाकून बघा, तरी लालच राहील. बीएस्सीला सुवर्णांक शिकलात ना? 10 मिली सुवर्णद्रावणात 10 टक्के मिठाचं 1 मिली पाणी घातलं तरी रंग टिकावा म्हणून किती मिलिग्रॅम संरक्षक पदार्थ लागतो, तो आकडा. रसायनशास्त्रज्ञ झिग्मोंडींची कल्पना, त्यांना 1925 चं नोबेल मिळालं. आपण परीक्षेपुरती व्याख्या घोकली आणि सोडून दिली. तुमच्या परीक्षानळीत तीच चालू आहे.

दुसरं कोडं आम्लाचं. सायट्रेटच्या तीन आम्लगटांचे पीकेए, म्हणजे ज्या पीएचला तो गट निम्मा प्रभारित असतो ते आकडे, 3.1, 4.8 आणि 6.4. तुमच्या नितळ पाण्याचा पीएच कागदावर बघा, 2 च्या खाली असणार. तिथे सायट्रेटचा प्रभार जवळजवळ संपतो, मग कण तग धरणार कशाच्या जोरावर? वर दुधातलं कॅल्शियम. दोन धन प्रभारांचा आयन सोडियमपेक्षा कितीतरी कमी मात्रेत कण गोळा करतो. नळाच्या पाण्यातही बहुधा त्याचाच हात.

आधी हे करा: दुधाशिवाय, नुसतं तेवढंच आम्ल डिस्टिल्ड पाण्यात घेऊन सोन्यात टाका. निळं झालं तर दूध निर्दोष.

नादखुळा_केमिस्ट:

मग थायॉल (गंधकाचा गट) लावलेलं पीईजी, म्हणजे लांब साखळीचं पॉलिमर, चढवून कण पक्के केले तर? मीठ, आम्ल, काहीच बाधणार नाही.

निवृत्त_बीकर:

बाधणार नाही, पण मेलामाईनही बाधणार नाही! गंधकाची सोन्याशी पकड घट्ट, मेलामाईनला ती सुटत नाही. सायट्रेट सैल बसलेलं असतं, मेलामाईनचे अमिनो गट त्याला हटवून दोन कणांमध्ये पूल बांधतात, म्हणूनच ही चाचणी चालते. गर्भचाचणीच्या पट्टीत उलट गरज असते. तिथली लाल रेघ बऱ्याचदा सोन्याच्याच कणांची, पण त्यांच्यावर अँटिबॉडी बसवून मोकळी जागा प्रथिनानं झाकतात, कारण लघवीतल्या क्षारांत कण टिकले पाहिजेत. तुमच्या कामात कण नाजूकच राहू द्या, नमुना साफ करा.

तांबडा_पांढरा:

केलं. नुसत्या आम्लानंही तत्काळ निळं! पीएच कागद लालेलाल, 1 ते 2 च्या मध्ये. मग नितळ पाण्यात सोडियम हायड्रॉक्साईड थेंब थेंब घालत 7 वर आणलं, तर पांढरा साका खाली बसला.

निवृत्त_बीकर:

तो बहुतेक कॅल्शियम फॉस्फेट. तुमचा अर्धा शत्रू आपणहून बाहेर पडला. परत सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं पाणी पातळ करा, कारण उदासीन करताना तुम्ही नवं मीठ तयार केलंत.

तांबडा_पांढरा:

वीसपट पातळ केलं आणि पहिल्यांदा कोरं, म्हणजे मेलामाईन न घातलेलं, दूध लाल राहिलं. अर्धा तास नळी उजेडाला धरून बसलो होतो. लिटरला 20 मिलिग्रॅम मेलामाईन घातलेलं दूध दहा मिनिटांत जांभळं. पण कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) खाद्यपदार्थांसाठीची मर्यादा किलोला 2.5 मिलिग्रॅम, आणि तिथे डोळ्यांना काही फरक दिसत नाही. पातळ केल्यावर मेलामाईनही पातळ झालं ना.

निवृत्त_बीकर:

डोळ्यांवर विसंबू नका. 650 आणि 520 नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर काढा, जांभळट छटा दिसायच्या आधी ते हलतं. मग वीसऐवजी पंधरापट, दहापट करत या, कोरं दूध लाल राहतं तिथपर्यंत. कोरं दूध दर वेळी त्याच दिवसाचं आणि सोनं त्याच बॅचचं. दोन बॅचचे आकडे एका आलेखावर मांडू नका.

तांबडा_पांढरा:

बाटलीत अजून 60 मिली लाल आहे. उद्या पहाटे गंगावेश.